ताजे लेख लेखकवार लावताना: मुखपृष्ठाच्या प्रकल्प नोंदी

७ जून २०२४, शुक्रवार

आज मिरग. घरात कोंबडी-वड्यांची गडबड, मी ओटीवर लॅपटॉप घेऊन बसलेलो, तेवढ्यात आंबेवाल्या काकांचा फोन. "माझो लेख खंय गेलो रे? परवाच टाकललंय मां." बघितलं तर लेख आहे, पण दुसऱ्या पानावर गेलाय, आणि दुसऱ्या पानावर कोण जातंय, मी स्वतः जात नाही. विषय काय तर आंबा उतरल्यावर कलमांना खत कधी आणि किती घालायचं, म्हणजे आत्ता या आठवड्यात वाचायचा लेख, ऑगस्टमध्ये वाचून काय करणार.

झालंय असं. आपली साइट वर्डप्रेसवर, मालवण आणि आसपासच्या गावांची, लिहिणारे चौदा जण. मुखपृष्ठावर 'ताजे लेख' मध्ये शेवटचे बारा दिसतात, नुसते तारखेने. दोन वर्षं हे मस्त चाललं, कारण कोणी भरपूर लिहीतच नव्हतं. आता गुरुजी रिटायर झाले आणि त्यांनी दशावताराच्या आठवणींची जुनी वही काढलीय, दिवसाला तीन-चार लेख टाकतायत, एकेक लेख सोन्यासारखा, पण आज बारामधले नऊ त्यांचेच. राहिलेल्या तीनमध्ये बाकीचे तेरा जण.

गुरुजींना कमी लिहा कोण सांगणार? मी तर नाही, चौथीत त्यांच्याच हातचा मार खाल्लाय. तेव्हा मांडणीच बदलायची. प्रत्येक लेखकाचं नाव, खाली त्याचे शेवटचे तीन लेख, आणि ज्याने सगळ्यात शेवटी लिहिलं तो वर. काकांना सांगून टाकलं, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल. हे वाक्य मुद्दाम इथे नोंदवून ठेवतोय.

९ जून, रविवार

संध्याकाळपर्यंत झालं नाही.

पहिला डोकेबाज उपाय: क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला लेख मागतो त्या प्रश्नात, क्रम तारखेऐवजी आधी लेखकाने लावायचा आणि मग तारखेने, म्हणजे एका माणसाचे लेख आपोआप एकत्र येतील. सेव्ह केलं, पान उघडलं, तर वरपासून खालपर्यंत बाराच्या बारा लेख माझे. त्यात २०२२ ची 'चाचणी पोस्ट, कृपया दुर्लक्ष करा' पण. बायको मागून म्हणाली, हे बरंय, लोकांनी तक्रार केली म्हणून स्वतःलाच छापलंस.

कारण साधं आहे, वर्डप्रेस लेखकाचा क्रम लावतं ते नावाने नाही तर युजरच्या आयडीने, आणि साइट मी उभी केली म्हणून माझा आयडी १. क्रम आधी लागतो, बाराची कात्री नंतर चालते. म्हणजे आयडी १ चे बारा झाले की दुकान बंद, गुरुजी आयडी ७ वर आणि काका ११ वर, त्यांच्यापर्यंत पाळी येतच नाही.

दुसरा उपाय: तारखेनेच शेवटचे बारा आणायचे आणि पीएचपीमध्ये अ‍ॅरे करून लेखकाच्या आयडीखाली रचायचे. हे दहा ओळींत झालं आणि दिसायलाही छान दिसलं, नावाचं हेडिंग, खाली लेख. फक्त हेडिंगं तीनच आली. गुरुजींच्या खाली नऊ, काकीच्या खाली दोन, आणि पाणीपुरवठ्याची सूचना टाकणाऱ्याच्या खाली एक. काका याही वेळी गायब.

रात्री जेवताना डोक्यात उजेड पडला. बाजारात मासळीचे वाटे लावतात ना, तसं आहे हे. टोपलीतली वरची बारा मासळी उचलली आणि मग त्यांचे वाटे लावायला बसलो, तर वर जे आहे तेच येणार, सगळे बांगडेच. तळाशी चार सरंगे असतील पण ते हातालाच लागले नाहीत. आधी अख्खी टोपली ओतून जातवार वाटे करायचे आणि मग प्रत्येक वाट्यातली वरची तीन उचलायची. मी दोन दिवस उचलून वाटत होतो, पाहिजे होतं वाटून उचलणं. बाकी सगळी लढाई हीच.

१२ जून, बुधवार

रत्नागिरीचा एक मित्र ड्रुपलवर काम करतो, वर्डप्रेससारखीच साइट बनवायची दुसरी प्रणाली, त्याला फोन केला. तो हसला, म्हणे आमच्या व्ह्यूजमध्ये, म्हणजे याद्या बनवायच्या भागात, फॉरमॅटच्या सेटिंगमध्ये ग्रुपिंगचं फील्ड निवडायला ड्रॉपडाऊनच आहे, लेखक निवड की झालं, आणि ड्रुपल ८ पासून म्हणजे २०१५ पासून व्ह्यूज कोअरमध्येच आलंय. मला क्षणभर वाटलं आपण चुकीच्या गावात घर बांधलं. मग विचारलं, प्रत्येक गटात तीनच दाखव म्हटलं तर? जरा वेळ गप्प, मग म्हणतो, नाही रे, तिथे किती दाखवायचे हा आकडा सगळ्या ओळी मिळून मोजतो, गटागटाचा वेगळा नाही, त्याला हाताने काहीतरी करावं लागतं. म्हणजे त्यांच्याकडेही आधी उचलणं आणि मग वाटणंच, फक्त वाटे लावायला मशीन आहे. बरं वाटलं थोडं.

मधला मार्ग म्हणून शेवटचे दोनशे आणून बघितले. गुरुजींच्या आजच्या वेगाने दोनशे म्हणजे जेमतेम दोन महिने, आणि आपल्याकडे नारळी पौर्णिमेला एक आणि शिमग्याला एक असे वर्षाला दोनच लेख लिहिणारेही आहेत. सगळेच्या सगळे आणायचे तर एकोणीसशेच्या वर पोस्ट, आणि वर्डप्रेस पोस्ट आणतं म्हणजे पूर्ण मजकुरासकट आणतं, नुसती शीर्षकं नाही. आपलं होस्टिंग शेअर्ड, एका सर्व्हरवर बऱ्याच साइट. मुखपृष्ठ उघडणाऱ्या प्रत्येक माणसामागे अख्खी वही झेरॉक्स काढण्यासारखं आहे हे. नाही केलं.

१६ जून, रविवार

पाऊस धो धो. वीज दुपारी दोनला गेली ती साडेसहाला आली, लॅपटॉपची बॅटरी होती तेवढं काम.

आता सरळ मार्ग धरला. आधी ज्यांनी काहीतरी प्रकाशित केलंय अशा युजरांची यादी काढायची, मग प्रत्येकासाठी वेगळी छोटी क्वेरी, शेवटचे तीन लेख. आधी वाटणं, मग उचलणं. चाललं! काका दिसले! फक्त यादीत एक पंधरावा माणूस आला, नाव आहे आणि खाली काहीच नाही. हा कोण म्हणून बघितलं तर ज्या पोराने सुरुवातीला 'संपर्क' आणि 'आमच्याविषयी' ही पानं बनवून दिली तो. युजर आणायच्या फंक्शनला 'प्रकाशित पोस्ट असलेले' हा पर्याय नुसता 'हो' म्हणून दिला तर ते सगळे सार्वजनिक प्रकार मोजतं, त्यात पेजही आलं. तिथे 'हो' ऐवजी नुसतं 'पोस्ट' हा प्रकार अ‍ॅरेत द्यायचा. दिला, पोरगा गेला.

मग क्वेऱ्या मोजून दाखवणारं क्वेरी मॉनिटर प्लगइन लावून बघितलं आणि पोटात गोळा आला, नुसत्या या एका भागाला सत्तरच्या आसपास क्वेऱ्या. चौदा लेखक तर चौदा व्हायला पाहिजेत, मग सत्तर कशा? प्रत्येक लेखकामागे वर्डप्रेस आधी आयडी आणतं, मग एकूण किती सापडले ते मोजतं, मग पोस्ट आणतं, मग त्यांचा मेटा, म्हणजे फोटोसारखी जोडमाहिती, मग त्यांच्या कॅटेगरी आणि टॅग. पाच गुणिले चौदा. एकूण किती ते आपल्याला नकोच आहे, इथे पुढचं पान-मागचं पान नाही, त्यामुळे 'नो फाउंड रोज' चालू केलं. चित्र आणि कॅटेगरी या यादीत दाखवत नाही, म्हणून मेटा आणि टर्म (म्हणजे कॅटेगरी-टॅग) आधीच आणून ठेवणंही बंद. उरल्या दोन गुणिले चौदा, अठ्ठावीस. पुढेमागे कोणाला लेखासोबत फोटो हवा असेल तर मेटा परत चालू करा, नाहीतर प्रत्येक फोटोमागे वेगळी क्वेरी मारेल आणि मग म्हणाल साइट स्लो कोणी केली.

२३ जून, रविवार

अठ्ठावीस पण मला जास्त वाटतायत, आणि शिवाय लेखकांचा क्रम अजून लागलेला नाही, युजरनेमनेच येतायत. ज्याचा लेख ताजा तो वर, हे पाहिजे. म्हणून म्हटलं थेट डेटाबेसलाच विचारू: पोस्टच्या टेबलमधून लेखकाने ग्रुप बाय कर, म्हणजे लेखकवार गट कर, प्रत्येकाची सगळ्यात मोठी तारीख दे, त्या तारखेने उलटा लाव. एकच क्वेरी, एका झटक्यात क्रम तयार. इथपर्यंत उत्तम.

मग हाव सुटली. तारीख देतोच आहेस तर शीर्षकही दे की, म्हणून सिलेक्टमध्ये, म्हणजे मागणीच्या यादीत, शीर्षक वाढवलं. साइटवर चालवलं, कुठे एरर नाही, काही नाही, यादी आली. गुरुजींच्या नावापुढे आजची तारीख आणि शीर्षक 'नमस्कार, मी आजपासून लिहिणार आहे'. काकांच्या पुढे ५ जून आणि शीर्षक दोन वर्षांपूर्वीचं फळमाशीचं. काकीच्या पुढेही तिचा पहिलावहिला लेख. तारीख सगळ्यात नवी, लेख सगळ्यात जुना!

तीच क्वेरी जशीच्या तशी, डेटाबेसशी थेट बोलायचं पान असतं त्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये टाकली तर सरळ एरर १०५५, हे फील्ड ग्रुप बायमध्ये नाही. एकच सर्व्हर, एकच डेटाबेस, एका दारातून हाकलतो आणि दुसऱ्या दारातून आत घेऊन भलतंच वाढतो. हे समजून घ्यायला अर्धा दिवस गेला म्हणून नीट लिहितो. मायएसक्यूएल म्हणजे आपला डेटाबेस, त्यात 'ओन्ली फुल ग्रुप बाय' नावाचा नियम ५.७.५ पासून मुळातच चालू असतो. तो म्हणतो, गट केलास तर गटातून एकच नक्की किंमत निघेल असंच काहीतरी माग, म्हणजे मोठी तारीख, एकूण संख्या, असं. शीर्षक मागितलंस तर गटातल्या चारशेपैकी कोणाचं देऊ? म्हणून तो एरर देतो, आणि बरोबर देतो. पण वर्डप्रेस डेटाबेसला जोडलं जाताना आपल्या सेशनपुरता हा नियम मुद्दाम बंद करतं, कारण जुने प्लगइन कसेही ग्रुप बाय लिहितात आणि सगळे फुटले असते. नियम बंद झाला की मायएसक्यूएल गटातलं हाताला लागेल ते कुठलंही शीर्षक उचलून देतं. आमच्याकडे पहिली ओळ लागली, उद्या दुसरी लागेल, काही भरवसा नाही.

मोठी तारीख मागितली म्हणजे त्या तारखेची ओळ मिळाली असं मी धरून चाललो होतो. तसं नाहीये. वर्गात सगळ्यात उंच कोण म्हणून विचारलं आणि कोणीतरी उंची पाच फूट आठ सांगितली, आणि नाव बाकावरच्या पहिल्या पोराचं सांगितलं, तसला प्रकार. एरर आली असती तर पाच मिनिटांत सुटलं असतं. गप्प बसून चुकीचं उत्तर देणारा सर्व्हर आणि गप्प बसून मान हलवणारा विद्यार्थी, दोन्ही सारखेच, हे गुरुजींना ऐकवणार आहे.

३० जून, रविवार

याचं खरं औषध रो नंबर, डेटाबेसचं ओळींना क्रमांक घालणारं फंक्शन. लेखकाने पार्टिशन कर, तारखेने उलटा लाव, प्रत्येक गटात १, २, ३ असे नंबर घाल, आणि बाहेरच्या क्वेरीत नंबर तीनपर्यंतचेच घे. वाटून उचलणं अगदी एका वाक्यात. लॅपटॉपवर मायएसक्यूएल ८ आहे, लिहिलं आणि पहिल्या फटक्यात चाललं, एक क्वेरी, चौदा लेखक, प्रत्येकाचे तीन, काय सुंदर. आनंदात साइटवर चढवलं आणि तो भाग पांढरा फटक. लॉगमध्ये सिंटॅक्स एरर.

होस्टिंगवर मायएसक्यूएल ५.७. रो नंबरसारखी विंडो फंक्शन मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून आली, तिच्या भावंडात, मारियाडीबीत, १०.२ पासून. आणि ५.७ चा तर सपोर्टच ऑक्टोबर २०२३ ला संपलाय, पैसे घेताना हे कोणी सांगत नाही. तिकीट टाकलंय. उत्तर आलं, तुमची विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे. बरं.

तोपर्यंत थांबायचं नाही. क्रम ग्रुप बायच्या साध्या क्वेरीने काढतो, फक्त लेखक आणि तारीख, हाव नाही. मग त्या क्रमाने प्रत्येकाचे तीन, जुन्या लूपने. एकोणतीस क्वेऱ्या. आणि हे सगळं तयार झालेलं एचटीएमएल ट्रान्झियंटमध्ये, म्हणजे वर्डप्रेसच्या तात्पुरत्या साठ्यात, पंधरा मिनिटं ठेवायचं, म्हणजे पंधरा मिनिटांत एकदाच एकोणतीस आणि बाकीच्यांना तयार ताट. दिसायला रो नंबरइतकं देखणं नाही, पण पावसाळ्यात कौलं बदलायला घेत नाहीत, ताडपत्री घालतात.

७ जुलै, रविवार

काकीचा मेसेज: "मी दोनदा का दिसतेय?"

काकी 'किनाऱ्यावरून' या टोपणनावाने लिहिते. पानावर 'किनाऱ्यावरून' हेच हेडिंग खरंच दोनदा, एकाखाली तीन नवे लेख, एकाखाली तीन जुने. पहिल्यांदा वाटलं माझा लूप फिरतोय. मग युजरच्या पानावर बघितलं तर अकाउंटच दोन, आयडी ९ आणि २३. जुनं मी कॉम्प्युटरवर बनवून दिलेलं, नंतर पासवर्ड विसरली म्हणून भाच्याने फोनवरून नवीन काढून दिलं. आधी नुसती तारखेची यादी होती तेव्हा कोणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं, नाव तेच दिसायचं.

पण गंमत पुढे. मागे एकदा मी युजरच्या यादीत हे नाव सर्च केलेलं मला आठवतंय, तेव्हा एकच सापडलं होतं. आज दोन्ही नावं कॉपी करून अक्षर-अक्षर सोडवून बघितली. एकात 'ऱ्या' मधला र हा नुक्तावाला, युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा आहे तो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्याच्या मागे न दिसणारा जोडणारा, झेडडब्ल्यूजे. डोळ्यांना दोन्ही डिट्टो सारखे, मशीनला दोन वेगळे शब्द. किनाऱ्यावर राहून 'किनाऱ्या'नेच फसवलं. म्हणजे मी जर नावाने गट केले असते तर एकाच माणसाची दोन अकाउंट नावं 'जुळवूनही' एकत्र आली नसती. आयडीनेच गट करा, आणि शोधताना दोन्ही स्पेलिंगांनी शोधा. वाऱ्यावर, दऱ्या, साऱ्या, आपल्याकडे या अक्षराला तोटा नाही.

बॅकअप घेऊन २३ नंबर डिलीट केला. डिलीट करताना वर्डप्रेस विचारतं, याच्या मजकुराचं काय करू, तिथे सगळं दुसऱ्या युजरच्या नावावर करायचा पर्याय असतो, तो निवडायचा. वरचा पर्याय निवडला तर लेख पण जातात! दोनदा वाचून क्लिक केलं, तरी हात थरथरला.

१४ जुलै, रविवार

बारीकसारीक. साइटचा टाइमझोन यूटीसीवर, म्हणजे जागतिक वेळेवर, राहिला होता, कोलकाता केला. त्यामुळे पहाटे चारला टाकलेला लेख आदल्या दिवशीचा दिसायचा ते थांबलं. जुन्या लेखांच्या तारखा आपोआप बदलत नाहीत, त्या साडेपाच तास मागेच राहणार, राहू देत.

'लेख टाकला, दिसत नाही' असे तीन फोन. ट्रान्झियंटची पंधरा मिनिटं. आता पोस्टचं स्टेटस बदललं की ट्रान्झियंट उडवतो, प्रकाशित झाली तरी आणि कचऱ्यात टाकली तरी. तरीही एका फोनचं समाधान होईना, तर होस्टिंगचा स्वतःचा पानाचा कॅश, म्हणजे तयार पानांचा साठा, वेगळाच मध्ये बसलेला, तोही मुखपृष्ठापुरता बंद करायला लावला.

२१ जुलै, रविवार, गुरुपौर्णिमा

आज मुद्दाम हार घेऊन गुरुजींकडे गेलो, कारण नवी मांडणी काल रात्री सगळ्यांसाठी पक्की केली आणि मला झोप नव्हती.

मांडणीवरून आठवडाभर ग्रुपवर चर्चा झालीच. एकाचं म्हणणं वर्णानुक्रमे लावा, म्हणजे भांडण नाही. एकाचं म्हणणं वयाने लावा. वयाने लावलं असतं तर गुरुजी कायम पहिले आणि काका कायम दुसरे, आणि कॉलेजची पोरगी जन्मभर तळाला. वर्णानुक्रमात तर ज्याचं नाव 'अ' वरून त्याने न लिहिताही वरच बसायचं. ताजा लेख असेल तो वर, यात मानपान नाही, लिहिलंस तर वर येशील. हे तंत्राचं कारण म्हणून सांगितलं म्हणजे कोणी वाद घालत नाही, हे पण शिकलो.

गुरुजी ओटीवरच होते. फोन समोर धरून, चष्मा कपाळावर. पाया पडलो तर म्हणाले, "मेल्या, माका एका खोक्यात बसयलंस?" मी काय बोलणार. मग म्हणाले खाली ते 'सर्व लेख' लिहिलंय त्यावर बोट ठेवलं तर सगळे चारशे एकदम एका जागी येतात, आधी मला माझेच लेख शोधायला लागायचे. आणि मग हळूच, काकांचा खताचा लेख वाचला म्हणाले, परसातल्या कलमाला आजच घालतो, उशीर तर नाही ना झाला? मी म्हटलं काकांनाच विचारा. तिथूनच फोन लावला, आणि पुढची वीस मिनिटं मी हार हातात घेऊन उभा.

वहीतले अजून दोनशे लेख बाकी आहेत म्हणे.

१ ऑगस्ट, गुरुवार

मासेमारीबंदी काल संपली. १ जूनपासून दादा गप्प होता, बोट किनाऱ्यावर तर लिहिणार काय, दोन महिन्यांत त्याचं खोकं घसरत घसरत अकराव्या जागी गेलेलं. आज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी त्याची पोस्ट, फोनवरून, तीन ओळी: वारा नैऋत्येचा, समुद्र अजून खवळलेला, आज बाहेर पडत नाही, कोणी घाई करू नये.

सहाला मी उठून बघितलं तर त्याचं खोकं सगळ्यात वर, आणि गुरुजींचे कालचे चार लेख असूनही ते दुसरे.

होस्टिंगवाल्यांचं उत्तर आलंय, महिनाअखेरीला ८.० करतील. केलं की रो नंबरवाली फाइल लावायची, थीमच्या चाइल्ड फोल्डरमध्ये ठेवलीय, ट्रान्झियंट तसाच राहू द्यायचा. मोबाइलवर लांब शीर्षकं दोन ओळींत तुटतायत ते बघायचं बाकी.